मंडईतली वांगी

तिलक पटले चित्रकार आहे हे गोंदियाला फार उशिरा कळलं. आणि कळलं त्या दिवशी तिलकला वाटलं, न कळतं तर बरं झालं असतं. त्याची गोष्ट सांगायची तर आधी एका शब्दाचा निकाल लावून घेतला पाहिजे, कारण सगळं रामायण त्या एका शब्दानं घडवलं. शब्द आहे मंडई. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला मंडई म्हटलं की तो पिशवी शोधतो. तिकडं मंडई म्हणजे भाजीबाजार, मेथीच्या जुड्या आणि घासाघीस. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं कोणी मंडईत भाजी घ्यायला निघाला तर लोक त्याला वेड्यात काढतील. आमची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. भाऊबीजेपासून सुरू होते, आज या गावची, उद्या त्या गावची. गुरं राखणारे गोवारी सजवलेल्या काठीची ढाल नाचवत येतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, लेकी माहेरी येतात, आणि पोरगी दाखवायची असेल तर तीही त्याच गर्दीत दाखवून होते. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं तिलकचा राग यायला सोपं जाईल.

त्याचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. तलावाचं पाणी, धानाच्या बांध्या, आणि माळव्यातून आलो असं अजून छाती काढून सांगणारी पोवारांची घरं. पटल्यांच्या घरात दोन भाऊ, थोरला उदाराम आणि धाकटा बिसनलाल. चूल एकच. बिसनलालची बायको रामकली, तीच तिलकची आई. उदाराम तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्यासमोर सुनेनं पदर कपाळापर्यंत ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, तो ओसरीत बसलेला असला तर मागच्या दारानं जायचं. रामकलीनं हे असं पाळलं की लग्न होऊन आल्यापासून उदारामनं तिचा एक शब्द आपल्याला म्हणून ऐकला नव्हता. जेवायला बोलवायचं झालं तर ती पोराला म्हणायची, जा, मोठेबाबाले सांग, ताट वाढलं. आणि मोठेबाबा दोन हातांवर बसलेले असायचे. घरात ही माणसं पोवारी बोलतात, बाहेर झाडीबोली, आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी. त्यांचं बोलणं मी सगळं झाडीतच सांगतो, तुमची-माझी दोघांची सोय.

तिलक सात वर्षांचा असताना गावच्या मंडईत हरपला. शिंगाड्यांच्या टोपल्यांपाशी आईचं बोट सुटलं आणि गर्दीनं त्याला आत ओढून घेतलं. हरपलेल्या पोराला माणसं दिसत नाहीत. त्याला दिसतात धोतरं, लुगड्यांचे काठ, धुळीनं भरलेले पाय, आणि सगळं हलत असतं. रडून रडून त्याचा गळा बसला. तिकडं रामकलीनं हाका मारल्या, पण ढोलाच्या आवाजात हाक कुठं पोचणार? मग तिनं जे केलं ते त्या गावात कोणत्या सुनेनं केलं नव्हतं. ती बाजूच्या बैलगाडीवर चढली, डोक्यावरचा पदर काढला, काठीच्या टोकाला गुंडाळला आणि काठी उंच धरून हलवत उभी राहिली. लुगडं हळदी रंगाचं होतं. सगळं गाव, परगावचे पाहुणे, आणि पानाच्या दुकानापुढं लेकीच्या सोयरिकीची माणसं घेऊन बसलेला भासरा, या साऱ्यांसमोर बाई उघड्या डोक्यानं गाडीवर. पोराला डोक्यांच्या वर ते पिवळं दिसलं, आणि तो त्याच्याकडं बघत बघत चालत आला.

उदाराम तिला काही बोलला नाही. बोलणारच कसा? तो भावाला बोलला, तेही पाहुण्यांच्या देखत. "तुही बायको मंडईत नाचली, असं म्हणत लोक घरी जातीन." बिसनलालनं मान खाली घातली. त्यानंतर कितीतरी वर्षं रामकली मंडईला गेली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. तीच म्हणायची, पाहुण्यांचा सैपाक कोण करीन?

उदाराम वाईट माणूस होता असं मात्र समजू नका. तोंडाचा कडू, पण हाताचा सढळ. पाचेक वर्षांनी बिसनलाल तापानं गेला, तेव्हापासून त्यानं तिलकला आपल्या पोरांच्या पंगतीतच बसवलं, कधी दुजाभाव केला नाही. पोरगा चित्रकलेला नागपूरला जातो म्हणाला तेव्हा उदारामनं कपाळाला हात लावला, पण पाठवलं. रामकलीला उन्हातान्हात रोजीला जावं लागलं नाही, की कोणापुढं पदर पसरावा लागला नाही. गावात उदारामच्या नावानं कोणी बोट दाखवू शकलं नाही ते एवढ्याच कारणानं, आणि म्हातारपणी त्याची तीच कमाई होती.

नागपूरचं शिक्षण आटोपून तिलक १९९९ साली केशोरीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागला. आता आमच्याकडं पेंटर म्हणजे जो ट्रॅक्टरवर नंबर लिहितो आणि लग्नघराच्या भिंतीवर शुभविवाह लिहितो तो. केशोरीच्या लोकांनी त्याला दोन्ही कामं आणून दिली आणि त्यानं मुकाट्यानं केली. खरी चित्रं तो खोलीत काढायचा. नुसते रंग. माणूस नाही, झाड नाही, बैल नाही. कोणी दारातून डोकावून विचारलं की हे काय होय गुरुजी, तर त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या आणि तो म्हणायचा, अजून पूर्ण नाही झालं जी. एकच चित्र तीन वर्षं पूर्ण झालं नाही. शेवटी शाळेचा शिपाई केवलराम त्याला सहानुभूतीनं म्हणाला, जमत नसेल तर सोडून द्या गुरुजी, शुभविवाह मात्र तुमचा झकास येते.

गावात अशी लाज, तर शहरात उलटी लाज. नागपूरच्या चित्रकारांत बसला की हा "करून राहिलो" म्हणायला घाबरायचा. "करतोय" म्हणायचं हे मनात घोकून मग तोंड उघडायचा. गावात चित्रं लपवायची आणि शहरात गाव लपवायचं. धोबी का कुत्ता, न घर का न घाट का, अशी गत त्यानं आपली आपणच करून घेतली होती.

पुढं संस्थेनं त्याला गोंदियाच्या शाळेत आणलं. तोवर त्याचं योगेश्वरीशी लग्न झालं होतं. दोघांनी गोंदियालगत मुर्रीला घर बांधलं आणि आईला गावाहून आणलं. मागच्या खोलीत धानाची पोती एका भिंतीला आणि तिलकची चित्रं दुसऱ्या भिंतीला. तोच त्याचा स्टुडिओ. २००७च्या दिवाळीनंतर तिथं त्यानं आयुष्यातलं पहिलं खरं चित्र काढलं. आधीची सारी खोटी होती असं नाही, पण हे काढताना त्याला कोणाची लाज आठवली नाही. पाच फुटी कॅनव्हास. खाली सगळा मळकट, काळपट, तपकिरी गोंधळ, रंगावर रंग घासून खरवडलेला. आणि पार वर, उजव्या अंगाला, पिवळ्याचा एक तिरपा पट्टा. नाव दिलं, मंडई.

रामकली धान काढायला सूप घेऊन आली आणि त्या चित्रापाशी थांबली. एरवी ती चित्रांकडं पाहून न पाहिल्यासारखं करायची. या खेपेला तिनं विचारलं, हे पिवळं काय होय? तिलकनं ब्रश पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "थो तुहा पदर होय. मंडईतला."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. चित्रापाशी गेली, लांब झाली, परत गेली. "मंग मी कुठी आहो?"

"तू खाली. दिसत नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. "दिसली असती त लोकायनं पुन्हा नावं ठेवली असती." आणि ती सूप विसरून निघून गेली. योगेश्वरीनं नंतर सांगितलं की सासूबाई त्या दिवशी विहिरीपाशी एकट्याच हसत होत्या. पुढं कोणी पाहुणी आली की रामकली तिला हाताला धरून मागच्या खोलीत न्यायची आणि नुसती उभी करायची. काय आहे ते सांगायची नाही. तिचं तिला ठाऊक होतं, तेवढं बस होतं.

दुसऱ्या वर्षी नागपूरला सात चित्रकारांचं प्रदर्शन भरलं आणि त्यात मंडई लागलं. शेवटच्या दिवशी चित्रकारांशी गप्पा, आणि त्यासाठी पुण्याहून एक नावाजलेले समीक्षक येणार. रामकली म्हणाली, मी येतो. ती आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी चालली होती. नवं पातळ नेसून ती दुसऱ्या रांगेत बसली आणि आपल्या चित्राकडं अशी बघत होती की जणू आता सगळ्यांना कळणार.

समीक्षक भला माणूस होता, दोष त्याचा नाही. तो मंडईसमोर उभा राहिला, नाव वाचलं, आणि त्याला त्याची मंडई दिसली. काय सुंदर बोलला! पहाटेची मंडई, तो कोलाहल, वांग्यांचा काळसर जांभळा, ओल्या पोत्यांचा तपकिरी, आणि या साऱ्यावर लिंबांच्या ढिगावर पडलेलं पहिलं ऊन. लोकांनी माना डोलावल्या. मग तो तिलककडं वळला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "बरोबर वाचतोय ना मी, पटले? भाजीबाजारच ना?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? नाही सर, आमच्याकडं मंडई म्हणजे जत्रा, आणि ते लिंबू नाही, माझी आई आहे, ती बघा तिथं बसली आहे. एवढंच बोलायचं होतं. पण तिलकच्या डोळ्यांपुढं त्या वेळी आई आली नाही. त्याला दिसलं की आपण जत्रा म्हणू, मग दंडार म्हणू, मग बैलगाडी म्हणू, बोलता बोलता "करून राहिलो" तोंडून निघेल, आणि हा एवढा विद्वान माणूस चारचौघांत चुकीचा ठरेल. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो म्हणाला, "हो सर. भाजीबाजारच."

मग त्यानं आईकडं पाहिलं. ती समीक्षकाकडं बघत होती, चेहरा तसाच, फक्त पदर थोडा पुढं ओढलेला. परतीच्या गाडीत तिनं शेंगदाण्याची पुडी सोडली, त्याच्यापुढं धरली आणि म्हणाली, मानूस चांगला बोलला, लय शिकलेला दिसते. तिरोडा गेल्यावर पुन्हा म्हणाली, लिंबू म्हणे. तिलकनं खिडकीबाहेर तोंड केलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण मेलेला माणूस काही शेंगदाणे खात नाही, आणि यानं पुडी संपवली.

एका खोट्याला झाकायला सात खोटी लागतात म्हणतात. समीक्षकानं लेख लिहिला, चित्र विकलं गेलं, आणि पुण्याहून मागणी आली की मंडईची मालिकाच करा. आता काय करणार? तिलक भाजीबाजार काढू लागला. मंडई दोन, मंडई तीन, मंडई चार. जांभळा, हिरवा, टोमॅटोचा लाल. हात सरावलेला होता, चित्रं देखणी व्हायची, आणि काढताना त्याला दर वेळी वाटायचं की आपण पुन्हा शुभविवाह लिहीत आहोत. पिवळा रंग त्यानं पुन्हा पॅलेटवर काढला नाही.

एका सकाळी तो खोलीत गेला तर कॅनव्हाससमोर स्टुलावर सूप ठेवलेलं, आणि सुपात परसातली ताजी वांगी, चार टोमॅटो, दोन लिंबं. रामकली पाठोपाठ आली. म्हणाली, पाहून घे, रंग चुकू नये. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर त्यानं सोसला असता. टोमणा नव्हता. पोराला कामाला भाजी लागते, भाजी आपल्या परसात आहे, एवढाच तिचा हिशोब. तिलक वांग्यांपुढं बसून राहिला आणि त्याला एक रेघ ओढता आली नाही. दुपारी योगेश्वरीनं त्यांचं भरीत केलं. त्यानं ते खाल्लं नाही, पित्त झालं म्हणाला.

तरी अजून वेळ गेली नव्हती. पण बुडत्याचा पाय खोलात. २०१० साली पुण्यात त्याचं एकट्याचं प्रदर्शन झालं. तिथं व्याख्यान. आता तो "करतोय", "वाटतंय" सराईतपणे बोलायचा. शेवटी एका बाईंनी विचारलं, भाजीबाजाराशी तुमचं एवढं नातं कुठून आलं? प्रश्न साधा होता. मालिका पाच चित्रांची झाली आणि माणसाला भाजीबाजार का सुचला याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याच्या तोंडून गेलं, "माझी आई भाजी विकायची. वडील लवकर गेले. तिनं भाजी विकून मला शिकवलं." विचारणाऱ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या वाजल्या, आणि आजवर त्याच्या चित्रांना वाजल्या त्याहून मोठ्या वाजल्या. खोलीवर येऊन तो दिवा न मालवता पांघरुणात शिरला आणि स्वतःला शिव्या देत पडला. दुसऱ्या दिवशी तेच पेपरात आलं. पुण्याचा पेपर मुर्रीला कोण वाचतो, असं त्यानं मनाचं समाधान करून घेतलं.

पेपर मुर्रीला वाचला जात नाही, पण इंटरनेटवर तर सारं जग लोळत असतं. २०१२ची दिवाळी झाली आणि गोंदियाच्या काही हौशी मंडळींना साक्षात्कार झाला की आपल्या गावात एक मोठा चित्रकार राहतो. कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन आणि सत्कार ठरला. तिलकनं टाळायचा प्रयत्न केला, पण बातमी गावापर्यंत गेली होती, आणि गावाहून जीप भरून माणसं आली. पुढं उदाराम. ऐंशीच्या पलीकडचा, काठी टेकत, कडक इस्त्रीचं धोतर आणि डोक्याला फेटा. ज्या चित्रांना तो "भितीवर चिखल उडाल्यावानी" म्हणायचा त्यांच्यापुढून तो मान ताठ करून फिरला आणि भेटेल त्याला सांगत होता, आमचा तिलक होय, म्या वाढवला. मग पहिल्या रांगेत बसला. मागं बायकांच्या बाजूला रामकली, कपाळापर्यंत पदर.

गावकऱ्यांचा घोटाळा तिथंच सुरू झाला होता. चित्राखाली लिहिलंय मंडई, आणि चित्रात ढाल नाही, शिंगाडे नाहीत, ही काय वांग्यावानी दिसणारी मंडई? एकानं तिलकलाच विचारलं. तो हसून पुढं सरकला. त्यानं संयोजकांना गाठून सांगायचं ठरवलं की माझी ओळख थोडक्यात करा, घरचं काही नको. पण तोवर प्राध्यापक माइकपाशी पोचले होते. त्यांनी इंटरनेटवरून सगळं काढून ठेवलं होतं, आणि आपल्या गोंदियाच्या हिंदीत ते भारावून म्हणाले, "और इनकी माताजी! जिन्होंने बाजार में बैठकर सब्जी बेची और अपने बेटे को इस मुकाम तक पहुँचाया. ऐसी माँ के लिए जोरदार तालियाँ."

टाळ्या झाल्या. शहरातल्या लोकांनी वाजवल्या. गावचे लोक एकमेकांकडं पाहू लागले. उदाराम काठीवर भार देऊन उठला, आणि टाळ्या हळूहळू थांबल्या.

"कोणाच्या आईनं इकली भाजी?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "बिसन गेला तवापासून ह्यायचं घर म्या पाहिलं. माह्या भावाच्या बायकोले म्या बाजारात बसवलं? कोण सांगतलं हे?"

प्राध्यापक गडबडले. त्यांनी तिलककडं पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. त्याच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. म्हाताऱ्याची सारी कमाई त्या एका उत्तरावर होती. तो मान ताठ ठेवून जीपमध्ये बसेल, की आयुष्यभर ज्या बोटाला तो भ्याला ते बोट आता सगळं गाव त्याच्याकडं दाखवेल. मी खोटं बोललो, एवढे तीन शब्द. तिलकला ते येत होते. तोंडापर्यंत येत होते. त्याला पुण्याच्या त्या बाईंचा पुसलेला चष्मा आठवला, माइक आठवला, समोर मांडलेली आपली सगळी वांगी दिसली, आणि तो तसाच उभा राहिला.

मागं कोणीतरी उठलं. रामकली. पदर कपाळावर, हात पदरात.

"तुमी नाही बसवलं जी," ती म्हणाली. ती भासऱ्याशी बोलत होती. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "मीच गेलती. तुमाले न सांगता. एक डाव नाही, लय डाव गेलती. तुमचा काई दोष नाही."

गावच्या बायका तिच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्यातली एक बाजूला सरकून बसली. घरचं भरलं ताट सोडून, भासऱ्याच्या पाठीमागं, चोरून बाजारात बसणारी विधवा. उद्या सकाळी तलावापर्यंत ही गोष्ट पोचणार होती. उदारामनं तिच्याकडं पाहिलं नाही. रीत अशी की पाहायचं नाही. तो कोणाकडंच न पाहता म्हणाला, "झालं मंग," आणि खाली बसला, आणि बसताना त्याला काठी दोनदा चाचपावी लागली. संयोजकांनी घाईघाईनं चहापोह्यांची सूचना केली.

तिलक शाल सावरत मागं धावला. रामकली व्हरांड्याच्या टोकाला, नळापाशी उभी होती, चूळ भरत. त्याला कळेना कुठून सुरू करावं. माफी मागावी तर कोणत्या खोट्याची? लिंबाची, वांग्यांची, की भाजीवालीची? शेवटी तो लहान पोरासारखा चिडून बोलला, "आई, तू खोटं कायले बोलली? मोठेबाबासमोर? आता लोक का म्हणतीन तुले?"

रामकलीनं पदराला तोंड पुसलं. त्याच्याकडं पाहिलं, आणि तिला त्याच्या प्रश्नाचं नवल वाटल्यासारखं दिसलं.

"तू हरपला होता नं बाबू," ती म्हणाली.

मग तिनं त्याच्या हातातला नारळ आपल्याकडं घेतला, मघापासून तो तसाच धरून उभा होता, आणि नळ बंद केला.

तिलक परत हॉलमध्ये गेला. लोक घोळक्या-घोळक्यानं पोहे खात होते. उदाराम पहिल्या रांगेत एकटाच बसलेला, बशीत ओतलेला चहा निवून साय धरलेला. गावच्यांपैकी कोणी त्याच्या शेजारी बसलं नव्हतं. तिलक त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, नेहमीसारख्याच. त्यानं "मोठेबाबा" म्हटलं, पण ते जवळच्या दोघातिघांनाच ऐकू गेलं. माइकवाल्यानं वायरी गुंडाळून पेटीत भरल्या होत्या. तेव्हा तिलकनं श्वास घेतला आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "मोठेबाबा, माह्या आईनं भाजी कधीच नाही इकली. मी खोटं बोलून राहिलो, चार वर्षांपासून."